फलज

वरच्या दोन दातांच्या मध्ये फट.
दोन मिलिमीटर, डॉक्टर अनीजाने मोजून सांगितलं.
एवढ्यासाठी मी तीस वर्षं
हसताना हात तोंडापाशी नेत आलो,
जणू मला प्रत्येक विनोदावर शिंक येते.

रेसिडेंट कार्डावर ओठ मिटलेले.
लग्नाच्या अल्बमातही. सासरची माणसं म्हणाली,
जावई गंभीर आहे.

निझवाला खजुराच्या गोदामात हिशेब ठेवतो मी.
खलास, खुनैजी, फर्द. पेट्या मोजताना
बोटं चालतात, तोंड उघडावं लागत नाही.
यंदा बोनस मिळाला. बायको फोनवर म्हणाली, फ्रीज.
बघू, म्हटलं. आणि गुरुवारी संध्याकाळी
फार्मसीच्या वरच्या मजल्यावर
खुर्चीत उताणा झालो.

वाटलं होतं कानस लागेल, चुरा उडेल.
"काढायचं काहीच नाही," कोट्टायमच्या हिंदीत ती म्हणाली,
"दोन्हीकडून थोडं थोडं लावायचं फक्त."
मग रंगांची पट्टी ओठाशी धरली.
पांढऱ्याच्या इतक्या जाती
मी आजवर तांदळातच पाहिल्या होत्या.
माझा निघाला ए-थ्री:
चहाचा, गोदामातल्या धुळीचा, बेचाळिशीचा.
"याहून उजळ नको. खोटा दिसेल."

नर्स शम्सा, इथलीच, ट्रे लावता लावता थांबली,
वाकून पाहिलं आणि म्हणाली, फलज.
कुठे, मी विचारलं. खिडकीबाहेर?
कारण फलज म्हणजे इथला पाट,
डोंगराच्या पोटातून खजुरांच्या मुळाशी
पाळीपाळीने सोडलेलं पाणी.
ती हसली. दातांतल्या फटीलाही तोच शब्द, जुना.
तिच्या आजीला होती म्हणे,
आणि आजीला तिचा काय तोरा!

देवरुखला मला खिडकी म्हणायचे.
मास्तरसुद्धा,
हजेरी घेताना.

तोंडात कापूस, आणि मला आमचा पाट दिसायला लागला.
पोफळीचं शिपणं. बाबा खालच्या टोकाला,
मी वर, गुडघाभर चिखलात.
पाणी सोडलं की मी शिट्टी मारायची,
बोटं न लावता, याच फटीतून,
दोन आगरं ओलांडून जायची ती.
मग खाली कुदळीचा आवाज. बांध फुटायचा.

"करायचं ना?" डॉक्टरने विचारलं.
मी मान हलवली.

पारदर्शक पट्टी. आंबट जेल. लोण्यासारखं काहीतरी.
निळा दिवा, वीस सेकंद. पुन्हा वीस.
शेवटी दोरा घालून पाहिला, टच्कन अडकून सुटला.
आरशात दोन दात शेजारी शेजारी,
वाटणीचं भांडण मिटलेले सख्खे भाऊ
फोटोला उभे राहावेत तसे.

दोन दिवस हळद नको, चहा नको, कहवा नको.
म्हणजे उपासच.
जीभ सारखी जुन्या वाटेने जाते,
दार लावलेलं बघून परतते.

आईला फोन केला. "सर्दी झालीय?"
नाही.
"मग तुझा स असा कोंडलेला का?"
सांगितलं नाही. खर्च विचारला असता.

गोदामात फोरकानने दोनदा निरखून पाहिलं.
"केस कापलेस?"
बस, एवढंच.

शुक्रवारी दारिसच्या काठावर बसलो, पाय सोडून.
आजूबाजूला कोणी बघत नाहीसं पाहून
शिट्टी मारली.
नुसती हवा आली, कोमट,
पेजेवर फुंकर घालावी तशी.

"नकोसं वाटलं तर काढता येतं,"
निघताना डॉक्टर म्हणालेली,
"खाली तुमचा दात तसाच आहे."
हे वाक्य मी वाहत्या पाण्याकडे बघत
दोनदा म्हणून पाहिलं. स मधला वारा शोधत.

तेवढ्यात समोरचं एक पोर शेवाळावरून घसरलं,
दिशदाशासकट, डुब्कन.
मी हसलो.
हात निघाला होता तोंडाकडे,
पण ओला होता.
मांडीवरच ठेवला.